रफ आणि रेडीची नोंद हवी

महोदय,

रविवार पुरवणीतील कार्टूनवरच्या लेखात टीव्हीसाठी बनलेल्या जुन्या कार्टूनना ‘आळशी कारागिरी’ म्हटले आहे. माझी उमेदीची वर्षे मुंबईतील एका ॲनिमेशन स्टुडिओत इन-बिट्विनिंग, म्हणजे हालचालीच्या दोन मुख्य चित्रांमधली चित्रे काढण्यात गेली. हे शब्द मला फार लागले.

१९५७ मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम या चित्रपट कंपनीने आपला कार्टून स्टुडिओ बंद केला. ज्यांच्या ‘टॉम अँड जेरी’ने सात ऑस्कर पटकावली होती, त्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचेही काम गेले. दोघांनी स्वतःची कंपनी काढली आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला, शनिवारी सकाळी, अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर त्यांची पहिली टीव्ही मालिका आली : ‘द रफ अँड रेडी शो’. चलाख मांजर रफ, भोळा बुलडॉग रेडी, आणि दोघे जिवलग मित्र! पहिल्याच गोष्टीत त्यांना यंत्रमानवांच्या मुनी-मुला ग्रहावर नेले जाते. प्रत्येक छोटा भाग ऐन संकटात थांबतो, पुढे काय झाले हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

चित्रपटगृहांतल्या कार्टूनच्या मानाने टीव्हीचे पैसे अगदीच तुटपुंजे. तेवढ्यात सेकंदाला बारा-बारा नवी चित्रे काढणार कोण? म्हणून धड एका सेलवर (चित्र काढायच्या पारदर्शक पत्र्यावर) स्थिर ठेवले आणि तोंड, हात वेगळ्या सेलवर काढून तेवढेच हलवले. यात आळस कुठे आला? हालचाल भरपूर असली की एखादे कच्चे चित्र त्या ओघात खपून जाते. इथे तेच चित्र डोळ्यांसमोर ठाण मांडून बसते. उभे राहण्याची ढब, भुवईची एक रेघ, एवढ्यातच सारा स्वभाव उतरवावा लागतो. उरलेला भार डॉन मेसिक (रफ) आणि डॉज बटलर (रेडी) यांच्या आवाजांनी पेलला, आणि काय सुरेख पेलला!

१५६ भागांच्या या कामात हात बसला. ‘योगी बेअर’ आणि ‘फ्लिंटस्टोन्स’ त्यानंतरचे. आमच्या मुलांनी नव्वदच्या दशकात कार्टून नेटवर्कवर जे पाहिले, त्यातले कितीतरी याच घराण्यातले.

लेखाच्या पुढील भागात रफ आणि रेडीचा उल्लेख जरूर करावा. जमल्यास एखादे चित्र मोठे छापावे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी ते लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, ठेवून गिरवायला देईन.

– एक निवृत्त ॲनिमेशन कलाकार, डोंबिवली