चुन्यात नीळ

फेस (मोरोक्को), 9 नोव्हेंबर

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

रात्रीचे साडेनऊ झालेत. बाबा बुटांसकट पलंगावर आडवे झालेत आणि घोरतायत. मघाशी फोनवर तू ‘कशी झाली ट्रिप’ विचारलंस तेव्हा मी नुसतं ‘छान’ म्हणाले. बाबा शेजारीच बसले होते आणि किसमिसची गोष्ट त्यांच्यासमोर सांगण्यासारखी नव्हती. ती पुढे येईल.

आधी कबुली देते. तू शेफशावनला, त्या निळ्या भिंतींच्या गावाला, जायला आठ जणांची गाडी ठरवलीस तेव्हा मी कुरकुरले होते. आम्हाला सवय चाळीस जणांच्या बसची. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, आणि मॅनेजर दर थांब्याला डोकी मोजणार. इथे आम्ही दोघं, ब्राझीलच्या तिघी मैत्रिणी, एक कोरियन जोडपं आणि एक अबोल जर्मन आजोबा. डोकी मोजायला कुणी नाही, त्यामुळे उशीर करायची लाज वाटते. आणि वाटेतल्या वझ्झान गावाच्या आसपास मी नुसतं ‘ते बघा’ म्हटलं तर ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. झाडांखाली जाळ्या अंथरून बायका-पुरुष काठ्यांनी ऑलिव्ह झोडपत होते, थेट आपल्याकडे चिंचा झोडपतात तसे. चाळीस जणांची बस त्यासाठी थांबली नसती.

अंतर मात्र पोटात गोळा आणणारं. फेसहून जवळपास 200 किलोमीटर, चार तास, सगळी वळणं. बाबांचा हिशोब: आठ तास बसायचं आणि साडेचार तास बघायचं. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन रात्री परत यायचं, असला प्रकार. मी गप्प बसले, कारण हिशोब बरोबर होता.

गाव एकदम समोर येतं. वर रिफच्या डोंगराची दोन टोकं, शिंगांसारखी. गावाच्या नावाचा अर्थही ‘शिंगं’ असाच सांगतात. आणि खाली उतारावर घरं, त्यांना कौलारू छपरं! मोरोक्कोत आल्यापासून सपाट गच्च्या बघत होते, त्यामुळे मला क्षणभर माहेरी आल्यासारखं झालं. ही कौलं स्पेनकडची. 1471 मध्ये मौलाय अली बिन रशीद याने पोर्तुगीजांना तोंड द्यायला इथे गढी बांधली, आणि 1492 मध्ये स्पेनमधलं मुसलमानांचं शेवटचं राज्य ग्रानादा पडल्यावर तिकडून निघालेले मुसलमान आणि ज्यू या डोंगरात येऊन राहिले. येताना घर बांधायची रीतही घेऊन आले.

पुढची साडेचारशे वर्षं हे गाव परक्यांना आत घेत नव्हतं. 1883 मध्ये शार्ल द फुको नावाचा फ्रेंच माणूस ज्यू धर्मगुरूचा वेश करून आला होता, म्हणजे बघ. 1920 मध्ये स्पॅनिश फौज शिरली तेव्हा इथले ज्यू जी स्पॅनिश बोलत होते ती खुद्द स्पेनमध्ये केव्हाच जुनी झाली होती. तंजावरच्या मराठी माणसांचं ऐकताना आपल्याला वाटतं, तसं त्या शिपायांना वाटलं असेल. तू माद्रिदला शिकतेस ती भाषा इथे दुकानदार अजून बोलतात. मी तुझे तीन शब्द वापरले. ‘ग्रासियास’ला फार भाव मिळाला.

अली बिन रशीदची मुलगी सय्यदा अल-हुर्रा. शेजारच्या तेतुआनवर तिची सत्ता होती, भूमध्य समुद्रात तिची चाचेगिरी चालायची. 1541 मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाशी लग्न ठरलं तेव्हा ती त्याच्याकडे गेली नाही, त्यालाच वऱ्हाड घेऊन तेतुआनला यावं लागलं. बाबा म्हणाले, ‘हे चिऊला सांगू नकोस.’ म्हणून सांगतेय.

आता निळाई. फोटोत दिसते तेवढी सगळीकडे नाही, आणि फोटोत दिसते त्याहून जास्त छटा आहेत. कारण विचारावं तर तीन मिळतात: ज्यूंनी सुरू केली, डास येत नाहीत, घर थंड राहतं. मला एकही पटलं नाही. फुलांच्या कुंड्यांपाशी फोटोसाठी रांग, पोरी ड्रेस बदलून परत रांगेत. आपण लोकांच्या उंबऱ्यावर उभे आहोत याचं भान कुणाला नाही, मलाही तासभर नव्हतंच.

मग एका बोळात एक बाई दिसली. माझ्याच वयाची, कमरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड, डोक्यावर गवताची टोपी. बादलीत चुना कालवलेला आणि त्यात निळी पूड. कुंचा बुडवून पायऱ्यांपासून वर भिंत सारवत होती. आमची आजी दिवाळीआधी चुन्यात नीळ घालायची, पण जेमतेम चिमूट, पांढरं अजून पांढरं दिसावं म्हणून. हिने मूठभर घातली होती. मी उभीच राहिले. हात पुरला तिथे ती थांबली, वरची भिंत पांढरीच ठेवली. तेव्हा लक्षात आलं, सगळ्या बोळात तसंच होतं. निळी रेघ कुठे खांद्याला, कुठे डोक्याच्या वर वीतभर. ज्या घरात जेवढा हात पोचला तेवढी. फोटो काढावासा वाटला नाही. तिने माझ्याकडे बघून कुंचा पुढे केला, मी दोन हात मारले, ती हसली. बस्स.

या भानगडीत बाबा हरवले. सापडले रास अल-मा इथे, झऱ्याजवळ. डोंगरातून खळखळ पाणी येतं आणि बायका अजून तिथे कपडे धुतात. बाबा सुखात बसले होते. म्हणाले, वाटेत एक पोरगा कानाशी येऊन किसमिस हवी का विचारत होता. ‘हाऊ मच’ विचारलं, तर तो दचकून इकडेतिकडे बघायला लागला. ड्रायव्हरला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. अगं, हशीश! या डोंगरात गांजाचं पीक फार. 2021 च्या कायद्याने औषधापुरती आणि उद्योगापुरती लागवड करता येते, बाकी धंदा चोरून. तुझे वडील चाळीस वर्षं सरकारी नोकरी करून भर दुपारी भाव करत होते.

जेवण मात्र फसलं. गाडीवाल्यांनी ठरवलेल्या हॉटेलात ‘व्हेजिटेरियन ताजिन’ (मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) म्हणजे बटाटा-गाजर, आणि पैसे वट्ट मोजून. नंतर एका टपरीवर बिस्सारा मिळाला: वाळक्या बाकल्याचं घोटलेलं दाट वरण, वर ऑलिव्हचं तेल, जिरेपूड, तिखट. सोबत गरम पाव. जर्मन आजोबा दोन वाट्या प्यायले आणि दिवसभरात पहिल्यांदा बोलले, ‘गुड.’ तू कधी गेलीस तर आधी हेच खा.

निळीची एक पुडी घेतलीय. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यात गुंडाळून ठेवली होती, ती फुटली. सदरा तीन पाण्यांतून काढला, अजून आभाळासारखा आहे. उरलेली दुसऱ्या पिशवीत भरलीय. तुझ्या बाल्कनीच्या भिंतीला चालेल का, घरमालकाला विचारून ठेव. हात पोचेल तेवढीच लावू.

शनिवारी पोचतो. बाबांचे आशीर्वाद.

तुझी
आई