चिलगोजाची फांदी छाटली की पुढचा हंगामही बुडतो

महोदय,

दिवाळीच्या तोंडावर सुक्यामेव्याच्या भावाच्या बातम्या येतात आणि चिलगोजाच्या महागाईचा उल्लेख त्यात हमखास असतो. ज्या झाडावरून तो येतो त्याची अवस्था मात्र क्वचितच छापून येते.

चिलगोजा हा बागायती मेवा नाही. भारतात तो मुख्यतः हिमाचलमधल्या किन्नौरला आणि चंबा जिल्ह्यातल्या पांगी खोऱ्यात जंगली पाइनवर येतो. साधारण १८०० ते ३३०० मीटर उंचीवरच्या, मॉन्सून धड पोचत नाही अशा कोरड्या, खडकाळ उतारांवर हे झाड उभं असतं. सुईसारखी पानं तीन-तीनच्या जुडग्यात. साल पापुद्र्यांनी सुटते आणि खोडावर करडी-हिरवी ठिगळं दिसतात. किन्नौरात याला न्योजा म्हणतात आणि त्याच्या दाण्यांची माळ पाहुण्याच्या गळ्यात घालतात.

खरी मेख तोडणीत आहे. दाणे ज्यात असतात ते खवलेदार शंकू पिकायला परागीभवनानंतर पुढच्या वर्षीचा सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे तोडणीच्या वेळी फांदीवर पिकलेले मोठे शंकू असतात आणि त्यांच्याच शेजारी बोराएवढे, पुढच्या वर्षीचे. उतार तीव्र, देठ चिवट, हात राळेनं चिकट झालेले. मग काठीला बांधलेल्या कोयत्यानं फांदीचा शेंडाच छाटला जातो. एका घावात या हंगामाबरोबर पुढच्या हंगामाचंही पीक जातं. काही ठिकाणी उभं पीक आधीच ठेकेदाराला विकलेलं असतं, त्याला पुढच्या सालाचं सोयरसुतक नसतं.

शिवाय बी जमिनीवर पडतच नाही. खवले उघडण्याआधीच सगळे शंकू उतरवून, ढीग घालून वाळवतात आणि झोडपून दाणे काढतात. बी जड, पंख नावापुरता, त्यामुळे वारा ते लांब नेत नाही; ते काम नटक्रॅकर पक्ष्याचं. त्याच्यासाठीही काही उरत नाही. चुकून उगवलेलं रोप शेळ्या-मेंढ्या खातात. म्हणूनच या जंगलात जुनी झाडं दिसतात, तरणी फार थोडी. रोपवाटिकेवर भिस्त ठेवणं आम्हाला पटत नाही: वाढ अतिशय सावकाश, आणि लावताना सोटमूळ दुखावलं की रोप दगावतं.

शंकू देठाशी पिरगळून काढणारा आकडा, प्रत्येक झाडावर राखलेले थोडे शंकू आणि आलटूनपालटून चराईबंद ठेवलेले पट्टे, एवढं तरी वनखात्यानं तोडणीचा हक्क असलेल्या गावांना बरोबर घेऊन करावं.

गिऱ्हाइकाच्याही हातात काही आहे. कच्चे उतरवलेले दाणे वाळल्यावर हलके आणि आत सुरकुतलेले निघतात. घेताना चार दाणे फोडून पाहा. गर सालीत गच्च भरलेला, फिकट पांढरा हवा. सैल, पिवळा पडलेला किंवा खवट वासाचा माल परत करा. त्यात जवळपास निम्मं तेल असतं, म्हणून सालीसकट, बंद डब्यात, फ्रिजमध्येच ठेवा.

आपल्या बाजारभावाच्या सदरात चिलगोजाच्या भावाशेजारी माल किन्नौरचा की अफगाणिस्तानचा, हेही छापावं ही विनंती.

– दोन वाचक, पुणे