जुन्या ओकची भरपाई रोपांनी होत नाही

महोदय,

रस्त्यासाठी किंवा खाणीसाठी जुने जंगल तोडायचे ठरले की, ‘एका झाडामागे दहा रोपे लावू’ हे आश्वासन पाठोपाठ येतेच. ओकच्या जंगलांपुरता तरी हा हिशेब फसवा आहे, एवढेच या पत्रातून मांडायचे आहे.

ओकच्या जगभरात चारशेहून अधिक जाती आहेत. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या ओकशी निगडित सुमारे २३०० जीवजातींची नोंद झाली आणि त्यांपैकी ३२६ जाती ओकवाचून दुसरीकडे आढळतच नाहीत. मराठीत ज्याला मायफळ म्हणतात ते फळ नसून, एका चिमुकल्या माशीने अंडी घातल्यामुळे ओकच्या फांदीवर वाढलेली गाठ असते, हेही या निमित्ताने सांगायला हरकत नाही.

या सोबत्यांचे वेळापत्रक काटेकोर असते. ओकची पाने जून होत जातात तसे त्यांत टॅनिन हे तुरट द्रव्य साठते आणि ती चिवट होतात, म्हणून विंटर मॉथ या पतंगाच्या अळ्यांना पालवी फुटण्याच्या सुमारासच अंड्यांतून बाहेर पडावे लागते; आणि वल्गुली या पक्षिकुळातली निळी टिट आपल्या पिल्लांची सर्वाधिक भुकेची वेळ नेमकी अळ्यांच्या सुगीत येईल अशी वीण साधते. एकेका घरट्यात दिवसाला शेकडो अळ्या नेल्या जातात. अळ्यांनी झाड ओरबाडून काढले, तरी ओक उन्हाळ्यात पुन्हा नवी पालवी काढतो.

ओकखाली पडलेले एकॉर्न, म्हणजे त्याचे फळ, हातात घेऊन पाहावे. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे अगदी गोल भोक दिसले, तर आतला पाहुणा निघून गेला आहे असे समजावे. सोंडकिड्याच्या मादीने फळ हिरवे असतानाच लांबलचक सोंडेने त्याला छिद्र पाडून आत अंडे घातलेले असते. अळी आतल्या गरावर पोसते आणि फळ जमिनीवर पडल्यानंतर भोक पाडून मातीत शिरते. धडधाकट फळांवर कावळ्याच्या कुळातल्या जे नावाच्या पक्ष्याचा डोळा असतो. गळ्यात चार-पाच आणि चोचीत एक अशी फळे तो उचलून नेतो व हिवाळ्यासाठी एकेक करून मोकळ्या जमिनीत पुरतो. एका हंगामात असा एक पक्षी हजारो फळे पुरतो आणि त्यांतली न खाल्लेली काही रुजतात. रोपे लावण्याचे काम असे फुकटात होत असताना तुटवडा रोपांचा आहे असे कोण म्हणेल? तुटवडा आहे तो वयाचा.

कारण ओकला भरघोस फळे येऊ लागायलाच साधारण चाळीस वर्षे लागतात. खोडात ढोल्या पडायला त्याहून कितीतरी अधिक काळ जातो, आणि हर्मिट नावाचा भुंगा तर अशा ढोलीत साठलेल्या लाकडाच्या भुश्यातच वाढतो. सुटलेल्या सालीखाली वटवाघळे दिवस काढतात. कुजक्या लाकडात स्टॅग भुंग्याच्या अळ्या कित्येक वर्षे पोसतात. ‘साफसफाई’च्या नावाखाली वठलेल्या फांद्या आणि पडलेले ओंडके उचलून नेणारे लोक नेमके हेच घर मोडतात, आणि तेही जंगलाची निगा राखल्याच्या समाधानात.

म्हणून झाडे मोजताना नुसता आकडा न धरता प्रत्येक खोडाचा घेर आणि ढोल्या यांचीही नोंद व्हावी, पडलेले ओंडके जागेवरच राहू द्यावेत आणि जुन्या ओकच्या आसपास त्याची पुढची पिढी आजच वाढू द्यावी. नवी लागवड दूर कुठेतरी करून भागणार नाही. हर्मिट भुंगा सहसा आपल्या झाडापासून काहीशे मीटरपलीकडे जात नाही, आणि बरेच भुंगे तर जन्मलेली ढोली आयुष्यभर सोडतच नाहीत.

आपला,
एक वाचक