दिल्लीत मदत केलेल्यांचे आभार

मिरज तालुक्यातल्या आमच्या पक्षकाराच्या जमिनीच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने परवा नोटीस काढली आणि ताब्याबाबत ‘जैसे थे’चा आदेश दिला. निकाल अजून लांब आहे, पण आभार आत्ताच मानतो, नाहीतर राहून जातात.

पहिला नमस्कार मोडी वाचणाऱ्या आजोबांना. सांगली संस्थानाच्या काळातलं गहाणखत, कडा वाळवीने खाल्लेल्या. भिंग घेऊन त्यांनी ओळ न् ओळ लावली आणि पैसे पुढे केले तर रागावले. त्याचं इंग्रजी करणाऱ्या ताईंचेही आभार. सातबारा, फेरफार, कुळाच्या नोंदी, सगळं इंग्रजीत लागतं तिथे, आणि ‘वहिवाट’ नेमकी कशी मांडायची यावर त्यांनी माझ्याशी भांडण केलं. बरं झालं केलं.

पक्षकाराच्या वतीने तिथे अर्ज दाखल करायला अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डच, म्हणजे त्यासाठी सुप्रीम कोर्टात नोंद असलेला वकीलच लागतो. आमच्या ऑन रेकॉर्ड साहेबांच्या कारकुनाने रात्री उशिरापर्यंत बसून रजिस्ट्रीने, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयाने, अर्जात काढलेल्या त्रुटी दूर केल्या. असा माणूस सांगलीला मिळाला तर मी फी दुप्पट करीन!

आणि कोर्टाबाहेर भेटलेल्या त्या ज्येष्ठ वकीलबाई. ओळख ना पाळख. माझी टिपणं चाळून म्हणाल्या, “इतिहास नको, कलम १३६ खाली दखल का घ्यावी तेवढंच आधी बोला.” राज्यघटनेचं हे कलम सुप्रीम कोर्टाला खास परवानगी देऊन अपील ऐकण्याचा अधिकार देतं. तसंच बोललो. सुनावणी काही मिनिटांतच आटोपली. बाई, नाव विचारायचं राहिलं. कधी मिरजेकडे आलात तर घरी जेवायला या.