तुझ्या भुवयांविषयी

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात काहीतरी भलतंच लिहिलं गेलं असतं. म्हणून दोन रात्री जाऊ दिल्या. राग तुझ्यावर नव्हता, त्या प्रयोगात जे घडलं त्यावर होता.

मी विंगेतच उभी होते. दुसऱ्या प्रवेशात मुलाचं सामान घेऊन तू आत येतोस आणि ट्रंक खाली ठेवतोस. त्यानंतरची शांतता तू महिनाभर तालमीत घासूनपुसून तयार केली होतीस. तू ट्रंक ठेवलीस आणि चौथ्या की पाचव्या रांगेतून, तू ज्याच्यासारखा दिसतोस त्या सुपरस्टारचं नाव आलं. आधी कुजबुज, मग हसू, मग दोन-तीन मोबाइल वर. तुझा हात ट्रंकेच्या कडीवरच राहिला होता. अंगठ्याने तू कडी दाबून धरली होतीस, नख पांढरं पडलं होतं. तू वाक्य घेतलंस, बरोबर त्याच सुरात घेतलंस. मुलगा गमावलेला बाप तिथे उभा होता, आणि अर्धं प्रेक्षागृह त्याच्यात दुसऱ्याच कुणाला तरी शोधत होतं. प्रयोग संपल्यावर सेल्फीसाठी रांग लागली. त्या रांगेतल्या एकानेही बापाबद्दल चकार शब्द काढला नाही, हे तू लिहिलंयस. मीही ते पाहिलंय.

आता तू म्हणतोस की नाटक सोडतो आणि ‘डुप्लिकेट’ म्हणून कार्यक्रमांना जातो, निदान लोक ज्यासाठी येतात ते तरी त्यांना मिळेल. त्याआधी माझं थोडं ऐक. इतकी वर्षं तुझा चेहरा तुझ्यापेक्षा मीच जास्त जवळून पाहिलाय.

मला मेकअप रूममध्ये तुझ्यात तो माणूस कधीच दिसला नाही. तुझं नाक जरा डावीकडे झुकतं, हनुवटीखाली लहानपणीचा व्रण आहे, त्वचा कोरडी आहे म्हणून बेस लावायच्या आधी तुला क्रीम जास्त लागतं. त्यामुळे लोक म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, यांना भास होतोय. परवाच्या तालमीला मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तू प्रकाशात आलास आणि माझ्या पोटात धस्स झालं. तोच होता! जवळून जे बारीक फरक दिसतात, ते लांबून पुसले जातात. उरते ती चेहऱ्याची ठेवण: कपाळ, डोळ्यांच्या खोबणी, जबड्याची रेघ. ओळखीचा चेहरा माणसाला अगदी धूसर फोटोतही ओळखता येतो, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलेलं आहे. त्यात वरून पडणारा दिवा भुवयांखाली सावली धरतो आणि साम्य आणखी गडद करतो. म्हणजे आरशात जेवढं साम्य तुला दिसतं, त्याहून जास्त रंगमंच दाखवतो. प्रेक्षकांवर चिडू नकोस. त्यांचा डोळा ठरवून ओळखत नाही, पापणी लवायच्या आत ओळखून मोकळा होतो.

‘हा चेहरा माझ्याच वाट्याला का’ असं तू विचारलंस. फ्रांस्वा ब्रुनेल नावाचा कॅनडाचा छायाचित्रकार कित्येक वर्षं एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या हुबेहूब माणसांचे फोटो काढतोय. बार्सिलोनाच्या संशोधकांनी त्याच्या फोटोंतल्या 32 जोड्या घेतल्या. चेहरे ओळखणाऱ्या तिन्ही संगणक प्रणालींनी त्यातल्या 16 जोड्या सारख्या ठरवल्या. 2022 मध्ये त्यांनी मांडलं की या जोड्यांच्या जनुकांतही बरंच साम्य आहे, नातं मात्र काहीच नाही. म्हणजे तू कुणाची नक्कल म्हणून जन्माला आलेला नाहीस. त्या सुपरस्टारसारखाच पत्त्यांचा एक डाव तुझ्याही हातात पडला, एवढंच.

मला सारखा आठवतो तो क्लिफ्टन जेम्स. तू कदाचित नाव ऐकलं नसशील. पंचवीस-एक वर्षं रंगभूमीवर काम केलेला, नाव न झालेला नट. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्याच्या पगार विभागात लेफ्टनंट होता आणि ब्रिटिश सेनापती जनरल मॉन्टगोमेरीसारखा दिसायचा. फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या चढाईआधी, 1944 च्या मे महिन्यात, ब्रिटिशांनी त्याला मॉन्टगोमेरी बनवून जिब्राल्टरला आणि पुढे अल्जियर्सला पाठवलं. जनरल भूमध्य समुद्राकडे आहे, म्हणजे हल्ला तिकडून होणार, असं जर्मनांना वाटावं म्हणून.

चेहऱ्याने काम फक्त सुरू झालं, दोस्ता. जेम्सला मॉन्टगोमेरीजवळ राहून त्याचं चालणं, बोलणं, सलाम ठोकण्याची पद्धत, हात मागे बांधण्याची लकब टिपावी लागली. मॉन्टगोमेरी दारू आणि सिगारेटला शिवत नसे, जेम्सला दोन्हींची सवय होती. ती बंद करावी लागली. पहिल्या महायुद्धात जेम्सच्या हाताचं मधलं बोट गेलं होतं, म्हणून नकली बोट तयार केलं गेलं. माझ्या धंद्यातली मी, त्या बोटापाशीच अडकते. विमानाच्या दारात उभं राहून सलाम करायचा, समोर हेरांचे डोळे, आणि बोट आपलं नाही. तिथे नट नसता नुसता सारख्या चेहऱ्याचा माणूस असता, तर पहिल्या पायरीवरच उघडा पडला असता. त्याचा चेहरा सगळ्यांना आठवतो, पंचवीस वर्षांची तालीम कुणालाच आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे 1958 मध्ये या प्रसंगावर चित्रपट निघाला, त्यात त्याने स्वतःचीही भूमिका केली आणि मॉन्टगोमेरीचीही.

आणि याच्या अगदी उलट अमेरिकन नट हॅल होलब्रुक. त्याने 1954 मध्ये, तिशीही ओलांडली नव्हती तेव्हा, सत्तरीतला लेखक मार्क ट्वेन रंगमंचावर उभा केला. रंगभूषेलाच तीन तासांहून जास्त वेळ लागायचा. विग, मिशा, सुरकुत्या, हातांवरचे डाग, सगळं रोज नव्याने. तो 2017 पर्यंत हे करत राहिला आणि शेवटी वयाने ट्वेनच्याही पुढे गेला. त्याला जे तीन तास खुर्चीत बसून मिळवावं लागत होतं, त्यासारखं काहीतरी तुझ्याकडे आयतं आहे, फक्त चुकीच्या माणसाचं आहे. होलब्रुकच्या समोर बसलेल्यांना दहा मिनिटांनी मिशा दिसत नसतील, तो माणूस दिसत असेल. तुझ्या बाबतीतही ती दहा मिनिटं ओलांडायची आहेत, हाच सगळा प्रश्न आहे असं मला वाटतं.

‘डुप्लिकेट’च्या कामाला मी नाव ठेवत नाही. ते करणारे घाम गाळतात आणि लोकांना आनंद देतात. पण त्या कामात तुझा बाप कुठे बसणार? जाहिरातीसाठी विचारणा आली असेल तर आधी वकिलाला दाखव. राष्ट्राध्यक्ष केनेडींची पत्नी असलेल्या जॅकलीन केनेडी ओनासिससारख्या दिसणाऱ्या बाईला घेऊन केलेली ख्रिश्चन डिऑर या फॅशन कंपनीची जाहिरात न्यूयॉर्कच्या कोर्टाने 1984 मध्ये थांबवली होती. न्यायाधीशांनी म्हटलं होतं की त्या सारख्या दिसणाऱ्या बाईने आपल्या साम्याचा उपयोग समारंभांत, टीव्हीवर, नाटकात खुशाल करावा, जाहिरातीत मात्र नाही. त्या यादीत नाटक आहे, हे वाचून मला उगाच बरं वाटलं होतं.

आता कामाचं. मी दिग्दर्शकाशी बोलले आहे, तुला न विचारता, त्याबद्दल रागावलास तरी चालेल. तुझी पहिली एन्ट्री ट्रंकेची नको. पहिल्या प्रवेशात, शेजारी गप्पा मारत असताना, तू नुसता मागून जायचंस, हातात पाण्याची बादली, एकही वाक्य नाही. पूर्ण उजेडात. लोकांना काय कुजबुजायचं ते तिथे कुजबुजू दे. नाव घेऊन होऊ दे, हसून होऊ दे. मग तू ट्रंक घेऊन येशील तेव्हा त्यांना नवीन सापडण्यासारखं काही उरलेलं नसेल. दिग्दर्शक आधी नाही म्हणाले. मग मी त्यांना शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं.

दुसरं तुझ्या भुवया. काही संशोधकांनी प्रसिद्ध लोकांच्या फोटोंतून एकदा डोळे पुसले आणि एकदा भुवया. डोळे नसतानाही लोकांनी बऱ्यापैकी ओळखलं, भुवया नसताना जास्त चुकले. हे वाचलं तेव्हा मी हातातला पफ खाली ठेवून तुझा जुना फोटो काढला. त्या सुपरस्टारच्या भुवया सरळ, दाट, नाकाजवळ जवळजवळ भिडणाऱ्या. तुझ्याही तशाच, कारण गेली दोन वर्षं तू सलूनमध्ये त्या तशा करून घेतोस. कुणीतरी तुला सांगितलं असणार की छान दिसतात. पूर्वी त्या बाहेरच्या टोकाला खाली उतरायच्या, म्हणून बोलत नसतानाही तू काहीतरी आठवत असल्यासारखा वाटायचास. तो बापाचाच चेहरा होता रे! मला तुझा चेहरा लपवायचा नाही, तो परत हवाय. सध्यापुरती मी ग्लूने केस बसवून वरून पेन्सिलीने उतार काढीन, पण घामात ते तिसऱ्या प्रवेशापर्यंतच टिकेल. खरे केस वाढायला काही आठवडे लागतील.

पुढच्या प्रयोगाला नेहमीपेक्षा तासभर आधी ये. आपण दोघंच असू, दिवे लावून घेऊ, आणि मी पुन्हा मागच्या रांगेत जाऊन बसेन. तू बादली घेऊन दोन-तीनदा चालून दाखव. पाठ कशी धरायची ते मला तिथून सांगता येईल. आणि तोवर सलूनमध्ये जाऊ नकोस.

तुझी,
मेकअप रूममधली मैत्रीण