अण्णांची पेटी भंगारात देऊ नकोस

प्रिय बाळ्या,

काल रात्री फोन ठेवला आणि झोप काही लागेना, शेवटी उठून लिहायला बसलोय. तू सहज बोलून गेलास की घर रिकामं करतोय, माळ्यावरची अण्णांची हत्यारांची पेटी भंगारवाला तीस रुपये किलोने घ्यायला तयार आहे, वीसेक किलो भरेल. मी "थांब जरा" म्हणालो तर तू हसलास. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि व्हॉट्सअॅपवर एवढं टाईप केलं तर न वाचता अंगठा पाठवशील, म्हणून पत्र.

देऊ नकोस. सहाशे रुपये मी तुला आत्ता जीपे करतो, पेटी माझी समज.

तुला माहितीये मी गेली पाच वर्षं रविवारी सकाळी कुठे जातो. मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी पण भरतो पण मला रविवारच जमतो. गोणपाटावर मांडलेले नळ, मिक्सरची भांडी, चार्जर, एका पायातला बूट, आणि त्यात कुठेतरी खाली दबलेली पटाशी, लाकडात खाच पाडायची, नाहीतर लाकूड तासून गुळगुळीत करायचा रंधा. बायको म्हणते लोक रविवारी मटण आणतात, हा गंज आणतो. सुरुवातीला मी इतका बावळट होतो की आवडलेली वस्तू आधी उचलायचो, तोंडावर आनंद दिसायचा आणि भाव तिथेच दुप्पट व्हायचा. आता आधी शेजारच्या पंख्याच्या रेग्युलेटरचा भाव विचारतो, मग तुच्छतेने "आणि हे लोखंड कसं?" असं. तरी फसतोच म्हणा.

पहिला रंधा असाच फसवून गेला. लोखंडी, इंग्लिश पद्धतीचा, मागे मूठ पुढे गोळा. घरी आणून घासला तर तोंडाच्या बाजूला केसाएवढी चीर. हे रंधे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात रे, हातातून पडले की वाकत नाहीत, तडकतात, आणि बिडाला वेल्डिंग सरळ धरत नाही. नंतर एका म्हाताऱ्या विक्रेत्यानेच सांगितलं की माठ घेताना वाजवून घेता ना, मग हा का नाही? तेव्हापासून पातं काढून सांगाडा दोन बोटांवर लटकवतो आणि नाण्याने टिचकी मारतो. धड असेल तर टण्ण वाजतो, तडा असेल तर बद्द. पुढचा रेकॉर्ड कंपनीचा ०४ नंबरचा रंधा तसाच वाजवून घेतला, इंग्लंडमधल्या शेफील्डचा, कडेला निळा रंग थोडासा शिल्लक होता. आठशे सांगितले, साडेचारशेला दिला. घरी येताना रिक्षात मांडीवर घेऊन बसलो होतो, हसू नकोस.

मग सुरू झाली चकाचक करायची हौस. बाल्कनीत बादली ठेवली, पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, गाडीच्या बॅटरीचा जुना चार्जर, निगेटिव्हची वायर गंजलेल्या हत्याराला आणि पॉझिटिव्हची एका टाकाऊ लोखंडी पत्र्याला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. करंट सोडला की बारीक बुडबुडे येतात आणि रात्रभरात गंज सुटून काळी साय राहते, ती घासली की निघते. बुडबुड्यात हायड्रोजन असतो म्हणून हे बंद खोलीत करायचं नाही, आणि पत्र्याच्या जागी स्टीलचा चमचा लावायचा नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. सोपा मार्ग म्हणजे लिंबूफूल, लिटरभर पाण्यात पन्नासेक ग्रॅम, रात्रभर भिजवायचं. एकदा मी नट फिरवायचा एक पाना भिजत घातला आणि ऑफिसच्या टूरवर गेलो, तीन दिवसांनी बघतो तर गंजाबरोबर वरची अक्षरं पण गायब, अंग सगळं करडं आणि खडबडीत. गेला तो पाना कामातून.

पान्यांवरून आठवलं, एकदा किलोने पान्यांचा जुडगा घेतला, सगळे जाडजूड, मस्त, पण एकही नटला बसेना. पाव इंच लिहिलेल्या पान्याचा जबडा मोजला तर अर्ध्या इंचापेक्षा जास्त! मला वाटलं छापताना चुकले. मग कळलं की हे व्हिटवर्थचे पाने, १८४१ साली त्या इंग्रज इंजिनियरने आट्यांचं माप ठरवून दिलं त्या पद्धतीचे, त्यावर लिहिलेला आकडा जबड्याचा नसतोच, बोल्टच्या दांड्याची जाडी असते. जुन्या बुलेटचं काम करणारा एक मेकॅनिक आहे आमच्याकडे, त्याला सगळे देऊन टाकले, त्याने मला मिठीच मारली, शर्टाला ग्रीस लागलं ते अजून गेलेलं नाही.

तर सांगायचं असं की वर्षभर मी नुसता चमकवत बसलो. वायरचा ब्रश, रंग, मुठीला पॉलिश पेपर मारून लॅकर. दहाबारा हत्यारं फळीवर मांडली, पाहुणे आले की दाखवायची. एकदा किचनच्या ट्रॉल्या बसवायला सुतार आले होते, पन्नाशीचे असतील, त्यांनी माझा निळा रंधा उचलला, सागाच्या तुकड्यावर चालवला आणि तो नुसता घसरला, कडकड करत उड्या मारायला लागला. त्यांनी पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, याची दाढी केलीय, धार नाही लावली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गंमत म्हणजे त्यांच्याकडे स्वतःकडे हातरंधा नव्हता. प्लाय, लॅमिनेट, इलेक्ट्रिक प्लेनर, हातात रंधा धरायची वेळच येत नाही म्हणे, वडिलांची हत्यारं होती ती केव्हाच विकली. पण हात विसरले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत बाल्कनीत फतकल मारून बसले आणि मला शिकवलं. तुटक्या टीपॉयची काच खाली ठेवली, त्यावर पाणी मारून पॉलिश पेपर चिकटवला आणि पातं उताणं घासायला लावलं. मी म्हटलं धार तर या बाजूला आहे ना? तर म्हणे धार म्हणजे दोन बाजू जिथे भेटतात ती जागा, पाठ खड्ड्याखड्ड्यांची असेल तर पुढून कितीही घासा, काय उपयोग? पाठीवर मार्करने काळं फासायचं आणि घासायचं, काळं जिथे उरतं तिथे खळगा. माझ्या पात्याच्या एका कोपऱ्यात गंजाचा एवढासा खळगा होता, १२० नंबरच्या पेपरवर तो जायला दोन संध्याकाळी लागल्या, बोटांची टोकं सोलली. मग २२०, ४००, ८००, १५००. मग पुढची उतरती बाजू, पंचवीस ते तीस अंशात धरून, मागे बारीक कूस येईपर्यंत, दिसत नाही पण बोटाला लागते, ती पाठीकडून अलगद काढायची. पात्यावर बसणारं दुसरं पातं असतं ना, त्या दोघांमध्ये उजेड दिसता कामा नये, नाहीतर छिलका तिथेच अडकतो.

मग परत रंधा त्याच सागाच्या तुकड्यावर चालवला. आवाजच वेगळा, स्स्स करून. आणि तोंडातून एक लांब छिलका वळत वळत वर आला आणि वास सुटला. बाळ्या, तो वास तुमच्या अंगणातला होता रे. शाळा सुटल्यावर आपण तुमच्याकडे यायचो, अण्णा पडवीत चौकटी करत असायचे, आपण छिलक्यांच्या ढिगात लोळायचो आणि तुझी आई ओरडायची. मी एकदा अण्णांचा रंधा हातात घेऊन बाकावर सपाट ठेवला तर त्यांनी डोक्यात टपली मारली होती, "आडवा ठेव, पातं टेकतंय." आजही हात आपोआप आडवा ठेवतो.

म्हणून मला त्या पेटीचं इतकं पडलंय. अण्णांचे ते शिसवी लाकडी रंधे मला नीट आठवतात, त्यांची पाती वरून पातळ आणि धारेकडे जाड होत जाणारी, पाचरीखाली घट्ट बसावीत म्हणून. आज बाजारात मिळणारं पातं एकसारख्या जाडीचं, ते त्या सांगाड्यात धड बसणार नाही. म्हणजे भंगारवाल्याने लोखंड काढून घेतलं आणि लाकूड चुलीत घातलं की दोन्ही मेलं. आणि लोखंड तरी कसलं! जुन्या पात्यात बहुतेक वेळा सगळं अंग मऊ लोखंडाचं असतं आणि धारेच्या बाजूला कडक पोलादाचा पातळ थर भट्टीत ठोकून चिकटवलेला. व्हिनेगरने पुसलं की जोडाची रेघ दिसते, पोलाद गडद आणि लोखंड फिकं. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवली, तिने बघितली आणि म्हणाली कुकर लावलाय. अण्णांचा वाकस, लाकूड तासायचा, तुमच्या वाडीतल्या लोहाराने केलेला, त्यातही ती रेघ असणार असा माझा अंदाज आहे, बघायची फार इच्छा आहे.

आणि इंग्लिश पटाश्या होत्या दोन, आठवतंय? त्यांना आपल्याला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांच्यावर 'कास्ट स्टील' असं ठोकलेलं असेल तर बीड समजू नकोस, लोक हमखास तसं समजतात. ते मुशीत वितळवून ओतलेलं पोलाद, शेफील्डच्या हंट्समनने १७४० च्या दशकात ही पद्धत बसवली, आणि त्याला धार अशी लागते की बस. मी तशी एक पटाशी मुंबईला चोर बाजारात मिळवली होती आणि शहाणपणा करून ग्राइंडरवर लावली. दहा सेकंदात टोक निळं! पाणी उतरलं. तीनशेच्या आसपास डिग्री गेली की कडकपणा जातो, मग तिला कितीही घास, दोन घाव मारले की धार वळते. तो निळा भाग हाताने घासून घासून संपवला तेव्हा पटाशी अर्धा इंच आखूड झाली होती. तेव्हापासून ग्राइंडर शेजाऱ्याला दिला.

तू म्हणशील २०२१ च्या पुरात दोन दिवस पेटी पाण्याखाली होती, आता काय उरलंय त्यात. मान्य, चिपळूणमध्ये त्या जुलैत काय झालं ते मी नंतर गाळ काढायला आलो तेव्हा पाहिलंय, तुमच्या भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. तेव्हाच पेटी उघडायला हवी होती, पण तेव्हा अण्णांचं आजारपण, कुणाला सुचणार. त्यांनी स्वतः ती पुसून माळ्यावर ठेवायला लावली होती हे तूच सांगितलंस मला. टाकायला लावली नव्हती. गंज जेवढा भयंकर दिसतो तेवढा आत गेलेला नसतो, दहातल्या आठ वस्तू वाचतात असा माझा अनुभव. ज्या वाचणार नाहीत त्या मी तुला तोंडावर सांगेन, आणि त्या खुशाल भंगारात टाक.

बरं, वाचवून करणार काय, हा तुझा पुढचा प्रश्न. अरे वापरणार! गेल्या दिवाळीत मी लेकीच्या टेबलाचा ड्रॉवर नीट केला, पावसाळ्यात फुगून अडकायचा, कडेचे चार छिलके काढले आणि झालं, वीज नाही आवाज नाही. आणि तुझा धाकटा दिवसभर मोबाईल घेऊन बसतो म्हणतोस ना, त्याच्या हातात एकदा धार लावलेला रंधा देऊन बघू. नाही आवडला तर नाही आवडला.

मी शनिवारी सकाळी स्वारगेटवरून एसटी पकडतो, कुंभार्ली घाटातून दुपारपर्यंत पोचेन, जेवायला थांबू नका पण थोडं सार ठेव. तोपर्यंत एवढं कर. पेटी खाली उतरव पण ओल्या फरशीवर नको, दोन विटांवर ठेव. धुऊ नकोस. उन्हात तर अजिबात ठेवू नकोस, लाकूड तडकेल. उत्साहाच्या भरात गोडेतेल चोपडू नकोस, ते नंतर चिकट होऊन बसतं, वहिनींच्या शिलाई मशीनचं तेल असेल तर तेवढं पुसून घे, नाहीतर राहू दे. आणि पेटीच्या तळाला बोटभर लाकडाचे तिरके तुकडे सापडतील, कचऱ्यासारखे दिसणारे, ते झाडून टाकू नकोस. त्या पाचरी आहेत. प्रत्येक रंध्याची वेगळी, अण्णांनी हाताने घासून बसवलेली, एकीची दुसऱ्याला लागत नाही.

तुझाच,
पक्या