सोयाबीनला भाव दिलात, आता वाळवायला जागा द्या : पणनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पणनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलमागे ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. तो पदरात पडायची अट मात्र तीच : दाण्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत. लातूर-वाशीमकडे काढणी-मळणी दसरा-दिवाळीच्या तोंडावर येते. परतीचा पाऊस गाठतोच आणि दाणा १६-१८ टक्क्यांवर घरात येतो. हरभऱ्याच्या बियाण्याला पैसा नेमका तेव्हाच लागतो. म्हणून दोन-तीन एकरवाला खरेदी केंद्राकडे फिरकत नाही, पोती थेट आडतीवर टाकतो.

हिशेब सोपा आहे. १६ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १२ वर आणला की साडेचार किलो पाणी उडतं. उरलेल्या मालाचे हमीभावाने सुमारे ५,०८५ रुपये होतात. म्हणजे ओल्या क्विंटलमागे अडीचशेच्या आसपास घट आणि वर मजुरी. ओल्या मालाला आडतीवर याहून किती कमी मिळतं, ते ऑक्टोबरमधल्या कुठल्याही बाजार समितीच्या भावफलकावर दिसेल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. तोवर ज्याला गरज होती त्याचा माल विकून झाला होता. शिवाय १५ टक्क्यांचं सोयाबीन थप्पीला लावलं की आत गरम होतं, बुरशी धरते. सवलत कागदावर गोड वाटते. गोदामात ती कुजते.

आता मापाचं. ओलावा मोजायचं यंत्र प्रत्येक केंद्रावर असतं, पण उन्हातून उचललेला गरम दाणा तसाच टाकला की आकडा चुकतो. नमुना पोत्याच्या तोंडाशी घेतला तर वरचा वाळलेला दाणा येतो, तळाचा ओला तसाच राहतो. माल सावलीत निवू द्यावा, वर-मध्ये-तळाशी नळी खुपसून नमुना घ्यावा, तीन वेळा मोजून सरासरी काढावी आणि ती शेतकऱ्याच्या पावतीवर लिहावी. आज माल परत पाठवताना पावतीवर आकडाच नसतो, मग भांडायचं कशावर?

वाळवायला पक्का ओटा लागतो. दोन-अडीच इंचांपेक्षा जाड थर नको, दर दोन तासांनी उलथापालथ हवी, संध्याकाळी ताडपत्री. ढगाळ हवेत यंत्राने वाळवावं, पण गरम हवा ४० अंशांच्या आसपासच ठेवावी. घाईने ताप वाढवला की साल तडकते, डाळ पडते आणि तोच माल तुटक्या दाण्यात मोजला जातो. बियाण्यासाठी तर तो गेलाच. माती-काडीचं प्रमाणही दोन टक्क्यांच्या आत लागतं, तेव्हा वाळवणीशेजारी चाळणी हवीच.

हा धंदा गावातली तीन-चार पोरं चालवू शकतात. अडचण हंगामाची आहे. सोयाबीनचं काम महिना-दीड महिना, बँकेचा हप्ता बारा महिने. म्हणून यंत्र असं निवडावं की जानेवारीत तूर, मार्चमध्ये हरभरा त्यावरच चालेल. भट्टीला सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, जाळता यावं. शेतीपंपाची वीज पाळीने येते, त्यावर वाळवणी होत नाही. वेगळी जोडणी मळणीच्या आधी मिळायला हवी. कृषी पायाभूत सुविधा निधी २०२० पासून आहे, दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला तीन टक्के व्याजसवलत आहे. पण चार लाखांच्या प्रकल्पालाही बँक जमिनीचा उतारा मागते, आणि या पोरांच्या नावावर जमीन नसते, ती बापाच्या नावावर असते.

म्हणून मागणी एवढीच. ग्रामपंचायतीच्या जागेवर पक्के ओटे आणि वाळवणीची यंत्रं उभी करून ती युवक गटांना भाड्याने द्या. क्विंटलमागे मजुरीचा दर ग्रामसभेत ठरू द्या. केंद्रांवरची ओलावा-यंत्रं १५ सप्टेंबरपूर्वी तपासून शिक्का मारा. आणि बारदाना तेव्हाच पोचवा. २०२४-२५ मध्ये पोत्यांवाचून खरेदी अडली होती, तेव्हा वाळवलेला मालही शेतकऱ्याच्या ओसरीवर पडून होता.

आपले,
सोयाबीन उत्पादक